पोरीची नोंद

डॉक्टर ‘एक वर्ष’ म्हणाले तेव्हा माझ्या डोक्यात आधी शाळा आली आणि मग पाय. आई म्हणून हे सांगायला लाज वाटते, पण झालं ते असं.

मुलगी तेव्हा साडेसहा वर्षांची होती. जूनमध्ये पहिलीत बसली आणि महिन्याभरातच लंगडायला लागली. आम्हाला वाटलं, पाण्याच्या चारीवरून उडी मारताना पाय मुरगळला असेल. तेल लावलं, शेकलं, लंगडणं काही जाईना. शेवटी बारामतीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, डाव्या खुब्याच्या हाडाला रक्त नीट पोचत नाहीये. लहान मुलांना होतं असं, हाड परत भरून येतं, पण तोवर त्या पायावर वजन पडू द्यायचं नाही. सहा आठवडे प्लॅस्टर, पुढे पट्ट्यांचा साचा. एक वर्ष तरी जाईल, म्हणाले.

आम्ही निरवांगीला वस्तीवर राहतो. शाळा वस्तीपासून चांगली दोन किलोमीटर, वाट उसातून आणि कालव्याच्या कडेने. मुलीचे वडील सकाळी सहालाच मोटारसायकल काढतात आणि बारामती एमआयडीसीतल्या दुधाच्या प्लँटवर कामाला जातात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. घरात उरतो मी, मुलगी आणि माझे सत्तरीचे सासरे, आबा. कंबरेपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर घातलेल्या पोरीला उचलून शाळेत पोचवायचं कुणी आणि तिथे बाकावर आडवं ठेवायचं कसं?

मी पहिलीच्या बाईंना जाऊन भेटले. बाई चांगल्या. म्हणाल्या, “नाव पटावर राहू द्या. पण वर्षभर घरी राहिली तर पुढच्या जूनला मी तिला दुसरीत कशी बसवू? वाचता आलं, शंभरपर्यंत आकडे आणि साध्या बेरजा-वजाबाक्या आल्या, तर मी स्वतः बसवेन. नाहीतर पहिली पुन्हा करू. तिच्याच भल्याचं आहे.”

वस्तीवर ज्याला-त्याला हे भलं पटलं होतं. “एक वर्ष गेलं तर काय आभाळ कोसळतंय? पोरीची जात, पाय नीट होऊ दे आधी,” असं मला किमान चार बायकांनी ऐकवलं. पोरीची जात हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. शिवाय माझं माहेर सुप्याकडचं. तिकडच्या जिरायती रानात पाऊस येवो न येवो, पेरायचं ते पेरायचंच, असं बघत मी वाढले. मी ठरवलं, पोरगी तिच्याच मैत्रिणींबरोबर दुसरीत बसेल, आणि तिला मी शिकवेन.

शिकवेन म्हणणं सोपं होतं. मी बारावी झालेली, त्याला दहा वर्षं होऊन गेली होती. शिकवणीला वस्तीवर येणारं कुणी नव्हतं. मग मोबाइल हातात घेतला आणि लिहिलं, ‘लहान मुलांचा अभ्यास घरी मोफत’. साइटींचा ढीग पुढे आला. मला वाटलं, जिंकलं.

आठवड्याभरात कळलं की मोफत या शब्दाला बऱ्याच परी असतात. एक साइट सात दिवस मोफत होती आणि आठव्या दिवशी ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळ्याला कुलूप. एकीवर दर दोन मिनिटांनी साबणाची नाहीतर कर्जाची जाहिरात यायची, आणि पोरगी अक्षरांऐवजी जाहिरातीच पाठ म्हणायची. एकीवर सगळं इंग्रजीत, त्यात बर्फाचा माणूस. पोरगी मला म्हणे, “आई, ह्याला गाजराचं नाक कुणी लावलं?” एक सरकारी साइट खरोखर मोफत आणि भरपूर होती, पण तिचं पान उघडेपर्यंत माझ्या दोन भाकऱ्या थापून झाल्या असत्या. आणि एक होती गोष्टींची. मराठी गोष्टी, मोठी अक्षरं, ठसठशीत चित्रं, नाव विचारायची नाही की नंबर मागायची नाही. तिच्यावर मी पहिली खूण केली.

खूण म्हणजे वहीत. मी एक वही घातली होती. साइटीचं नाव, ती काय मागते, आपल्याकडे उघडते का, आणि पोरीला त्यातून काय आलं. ‘कार्डाचा नंबर मागते’ असं लिहिलं की त्या ओळीवर काट. मला ती काट मारताना भलता आनंद व्हायचा.

दुसरी अडचण रेंजची. आमच्या घरात रेंज नाही, ती गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी मिळते. म्हणजे नेट वर आणि पोरगी खाली कॉटवर. मी वर जाऊन धडे उतरवून घ्यायची, खाली आणून तिला दाखवायची, आणि उत्तरं पाठवायला परत वर. दिवसातून आठ-दहा वेळा जिना. जे छापायचं असेल ते मुलीच्या वडिलांना पाठवायचं. ते सुट्टी झाली की बारामतीतून झेरॉक्स काढून आणायचे, शर्टाच्या आत पोटाशी धरून. घामाने ओली झालेली ‘क’ची बाराखडी आम्ही कितीदा तरी दोरीवर वाळत घातली.

सप्टेंबरात मला ती फुग्यांची साइट सापडली. तिचं खरं नाव वेगळं, आमच्यात ती फुग्यांचीच. बरोबर उत्तर दिलं की पडदाभर फुगे उडायचे. मराठी, जाहिरात नाही, कायमची मोफत. फक्त नोंदणी करायची होती. मुलाचं नाव, जन्मतारीख आणि एक मोबाइल नंबर. इयत्ता ती विचारतच नव्हती. जन्मतारखेवरून धडे आपोआप लागतात, असं लिहिलं होतं.

माझ्या फोनची काच तडकलेली, त्यामुळे नोंदणी आबांच्या फोनवरून करायची ठरली. माझे हात पिठात होते. आबा म्हणाले, “तू भाकरी कर सुनबाई. गच्चीवर जाऊन फारम मी भरतो. चाळीस वरसं ऊसनोंद केलीया म्या, मला नको शिकवू.”

खरंच होतं ते. आबांनी आयुष्यात पुस्तकं वाचली नसतील, पण फॉर्म भरण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. कारखान्याची ऊसनोंद असो, सोसायटीचा अर्ज असो की पाण्याचा, शेजारीपाजारी त्यांच्याकडे येतात. चष्मा कपाळावरून नाकावर आणायचा, एकेक रकाना बोटाने दाबत जायचं, आणि शेवटी म्हणायचं, “झाली नोंद.” त्या दिवशीही पाच मिनिटांत तेच म्हणत गच्चीवरून खाली आले. मी भाकरी उलटवली आणि देवाला हात जोडले.

पहिल्या दिवसापासून धडे अवघड होते. हातच्याच्या वजाबाक्या, तीन आकडी. उतारा वाचून खालच्या पाच प्रश्नांची उत्तरं. दिशा, नकाशा, घड्याळाचा काटा. पोरीला अजून जोडाक्षर धड येत नव्हतं. शाळेचं पहिलीचं पुस्तक घरात होतं. त्यात आंबे मोजा आणि चित्र रंगवा असलं होतं. मी दोन्ही समोरासमोर ठेवून बघितलं. कुणालाही शंका आली असती. मला आली ती उलटीच. मला वाटलं, पुस्तक खेड्यातल्या पोरांसाठी सोपं केलेलं असणार, पुण्याची पोरं पहिलीत हेच करत असणार. आपल्या पोरीला मागे राहू द्यायचं नाही, तर ती साइट म्हणते तेच खरं. पुस्तक मी कपाटात ठेवून दिलं. ते माझ्या हाताने ठेवलं, हे मी विसरत नाही.

मग चार महिने आमच्या घरात हे चाललं. सकाळी आठ ते दहा अभ्यास. मी हातचा समजावायची, ती मान डोलवायची, उत्तर चुकायचं. फुगे उडायचे नाहीत. चुकलं की पडद्यावर एक कासव यायचं आणि ‘पुन्हा प्रयत्न कर’ म्हणायचं. एका सकाळी ते कासव एकवीस वेळा आलं. मी मोजलं, कारण मी चिडले की मोजते.

आधी पोरगी रडायची, मग रडायची थांबली. फोन समोर धरला की तिचा चेहरा बंद व्हायचा. ओठ मिटून भिंतीकडे बघत राहायची. प्लॅस्टर निघून साचा आला होता, पण पळून जायची सोय नव्हतीच. मी चिडले तर ती फार तर चादर तोंडावर ओढून घेऊ शकायची. तेवढंच तिच्या हातात होतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी ती चादर ओढून काढली. उत्तर काय, विचारलं. ती म्हणाली, “मला न्हाय येत.” मी म्हटलं, “येत न्हाय म्हंजी काय? पुण्यातली पोरं करत्यात आन् तुला येत न्हाय? ढ हायेस का तू?” आणि तिच्या गालावर मारलं. जोरात नाही, पण मारलं. जी पोरगी उठून बाजूलाही होऊ शकत नव्हती तिला.

त्या दिवसानंतर तिला कुणी काही विचारलं, अगदी ‘जेवलीस का’ विचारलं, तरी आधी माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

तरीही मी थांबले नाही. माझा स्वभावच तसा, एकदा धरलं की सोडायचं नाही. तोवर मला या स्वभावाचा अभिमान होता.

जानेवारीत तिचा वाढदिवस आला. सातवा. वडिलांनी बारामतीहून केक आणायचं कबूल केलं होतं. मी म्हटलं, आज अभ्यास नको, पण फुग्यांच्या साइटवर काही तरी दिसतंय, बघू. गच्चीवरून पान उतरवून खाली आणलं. पडद्यावर मोठा गुलाबी केक आला, त्याच्यावर मेणबत्त्या, आणि वर तिचं नाव. एकेका मेणबत्तीला बोट लावलं की ती विझायची. कितीतरी दिवसांनी पोरीने स्वतःहून फोन हातात घेतला. एकेक विझवत गेली, ओठ हलत होते. मग थांबली.

“आई, ह्या नऊ हायत.”

“नीट मोज,” मी म्हटलं. सवयच लागली होती.

तिने परत मोजल्या. पान मागे नेऊन, सगळ्या पेटवून, पुन्हा एकदा. “नऊच हायत. मी सात वर्षांची झाले ना? मग नऊ का?” आणि घाईघाईने म्हणाली, “का माझं चुकलं?”

चुकलं नव्हतं. मी मोजल्या, नऊ होत्या. मी फोन घेऊन धावत गच्चीवर गेले आणि तिची नोंद उघडली. नाव बरोबर. दिवस बरोबर, महिना बरोबर. साल दोन वर्षं मागचं. म्हणजे सप्टेंबरपासून त्या साइटीने माझ्या सहा वर्षांच्या पोरीला आठ वर्षांची धरलं होतं आणि पहिलीतल्या पोरीपुढे तिसरीचा अभ्यास टाकला होता.

आबा अंगणात दाव्याला पीळ घालत बसले होते. मी फोन त्यांच्यासमोर धरला. “आबा, हे साल तुमीच घातलं?”

त्यांनी चष्मा खाली घेतला, बघितलं. “व्हय. का?”

“पोरगी त्या सालची हाय का?”

“न्हाय. जरा मागचं घातलं.” त्यांच्या तोंडावर अपराध नव्हता, उलट एक काम नीट केल्याचं समाधान होतं. “आगं, उसाच्या लागणीची तारीख जरा मागची लावली म्हंजी कारखान्याची तोड लवकर येती. खरी तारीख सांगून बसलं की आपला ऊस रानात तुरं येऊस्तवर उभा. समदेच लावत्यात. मला वाटलं, पोरीचं नाव यादीत वर असंल तर तिची पाळी आधी लागंल. तिला उशीर नगं व्हायला.”

कारखान्याचा माणूस ऊसनोंद घ्यायला यायचा तेव्हा आबा हेच करायचे, मी स्वतः चहा देताना ऐकलं होतं. दोन-तीन आठवडे मागची तारीख, आणि तो माणूसही हसून लिहून घ्यायचा. त्यांच्या आयुष्यात यादीत मागे राहणं म्हणजे रानात उभं वाळणं. नातीसाठी त्यांनी त्यांच्याजवळची सगळ्यात मोठी शक्कल वापरली होती.

पण तेव्हा मला हे सुचलं नाही. मी तोंडाला येईल ते बोलले. “ती काय ऊस हाय का, आबा? चार म्हैने पोरीला मी तिसरीच्या वजाबाक्या घातल्यात. मारलंय मी तिला. ढ म्हटलंय.” सासऱ्यांपुढे असा आवाज मी कधी चढवला नव्हता. आबांच्या हातातला पीळ सुटत गेला. ते एवढंच म्हणाले, “मारलंस?”

त्या एका शब्दाने माझा राग जिथल्या तिथे बसला. साल त्यांनी बदललं होतं, हात मी उगारला होता. त्यांना धड्यातलं कळत नव्हतं. मला कळत होतं, पुस्तक समोर होतं, आणि तरी मी पोरीपेक्षा फोनवर जास्त विश्वास ठेवला.

आत गेले. पोरगी तशीच बसली होती, माझ्या तोंडाकडे बघत. मी कॉटवर बसले आणि सगळं सांगितलं. आबांनी काय केलं, साइटीला काय वाटलं, मी काय केलं. म्हटलं, “तू सात वर्षांची, आणि तुला नऊ वर्षांच्या पोरांचा अभ्यास दिला. चूक माझी. तुझी काहीच न्हाय.”

तिने अगदी हळू विचारलं, “म्हंजी मी ढ न्हाय?”

मी तिला जवळ घेतलं आणि रडले. साच्याची बकलं मला टोचत होती, मी हलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी जे करायला हवं होतं आणि गर्वापायी केलं नव्हतं ते केलं. शाळेत गेले. बाईंना म्हटलं, मला पहिलीच्या वर्गात मागे बसू द्या, फक्त एक सकाळ. त्यांनी सतरंजीचा कोपरा दाखवला. मी बसले आणि बघत राहिले. पहिलीतली पोरं चिंचोके मांडून वीसच्या आतल्या बेरजा करत होती. वाचताना बोट अक्षराखाली धरत होती, चुकत होती, परत वाचत होती. एकाला ‘झ’ सुचला नाही तर शेजारचीने सांगितला आणि दोघं पुढे गेली. कुणी कुणाला ढ म्हटलं नाही. मी वहीत सगळं उतरवून घेतलं. जानेवारीत काय चाललंय, मार्चपर्यंत काय होणार, जूनला काय यायला हवं. आमच्या हातात पाच महिने होते.

फुग्यांच्या साइटवर जन्मतारीख बदलता येत नव्हती आणि तोच नंबर पुन्हा चालत नव्हता. आबा म्हणाले, सोसायटीत जाऊन अर्ज देऊ का? त्यांना वाटलं, दुरुस्तीचा अर्ज तर सगळीकडे असतोच. नंबर माझाही होता, पण ते कासव मला परत पोरीपुढे आणायचं नव्हतं. मी वहीत त्या साइटीवर काट मारली. या वेळी आनंद झाला नाही.

उरलेल्या साइटी मी पुन्हा पहिल्यापासून बघितल्या, आणि आता नियम एकच. आधी धडा मी स्वतः करायचा, शाळेच्या पुस्तकाशी ताडून बघायचा, मगच पोरीपुढे ठेवायचा. सरकारी साइटीवरून पहिलीचे उतारे घेतले, पान उघडेपर्यंत थांबून. एका साइटीवर चिंचोक्यांसारखेच ठोकळे सरकवायचे होते, ते घेतले. गोष्टींच्या साइटीवरून सगळ्यात सोप्या गोष्टी निवडल्या. हुशार कोल्हे आणि परदेशातले पांडा बाजूला ठेवून जिथे शेळी, विहीर, बाजार होता त्या आधी. हरणाच्या गोष्टीत पोरगी चित्राकडे बघून म्हणाली, “हे चिंकारा हाय, मामाच्या रानात येतं ते.” गोष्टीत नुसतं हरीण होतं. मी झेरॉक्सवर पेनाने खाली चिंकारा लिहिलं आणि तो अनुस्वाराचा शब्द तिने त्या दिवशी न शिकवता वाचला.

पण हे सगळं सहज झालं असं नाही. जानेवारी पूर्ण गेला तरी फोन बघितला की तिचे ओठ मिटायचे. “मला न्हाय येत,” प्रश्न वाचायच्या आधीच उत्तर तयार. तिला येत होतं, तरी. आणि मला ओरडायचा हक्क उरला नव्हता.

एकदा मी तिच्याशेजारी बसून एक धडा आधी स्वतः करून बघत होते. इंग्रजीचा. फोन एक शब्द म्हणायचा आणि चित्र ओळखायचं. एक फळ होतं, मी जन्मात बघितलेलं नाही, आणि उच्चार तर देवच जाणे. तीनदा चुकलं. पोरगी माझ्याकडे टक लावून बघत होती. ही आता काय करते, असं. मी म्हटलं, “हे मला येत न्हाय असं न्हाय. हे मला अजून कुणी शिकवलंच न्हाय.” आणि पुढे गेले. खरं सांगायचं तर वैतागून म्हटलं होतं, शिकवायचं म्हणून नाही.

तिने ते धरलं. दोन दिवसांनी एका वजाबाकीपाशी थांबली, ओठ मिटायला लागले, आणि मग म्हणाली, “हे मला अजून शिकवलं न्हाय.” मी म्हटलं, “बरोबर. शिकवते.” आणि शिकवलं. चादर तोंडावर गेली नाही.

मग ते घरातलं वाक्यच झालं. वडिलांना भाजीत मीठ किती विचारलं की ते म्हणायचे, मला अजून शिकवलं न्हाय. आबा रोज सकाळी तिच्या कॉटशेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. तिची गोष्ट ऐकायचे, मध्येच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारायचे, “हे काय गं?” त्यांना येत होतं की नव्हतं, मला आजतागायत कळलेलं नाही. ती त्यांना सांगायची, दोनदा, सावकाश, आणि एकदाही चिडायची नाही. माझ्यापेक्षा बरी मास्तरीण.

वस्तीवरच्या बायका विचारायच्या, “चाललंय का अजून मोबाइलवरचं?” मी म्हणायची, “चाललंय.” जिना चढायची आणि उतरायची.

मे महिन्यात डॉक्टरांनी नवा फोटो बघितला. हाड भरतंय, म्हणाले. साचा अजून काही महिने, पण बसून शाळा करायला हरकत नाही, पोचवायची आणि आणायची सोय बघा. वडिलांनी दुसरी पाळी मागून घेतली, सकाळी मोटारसायकलवर पोचवण्यासाठी. परत आणायला शेजारच्या रिक्षावाल्याशी बोललो. सगळं जमवलं. राहिलं फक्त दुसरीत बसणं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी आम्ही चौघं गेलो. बाईंनी आधी दुसरीच्या पटाचा नवा कागद काढला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. “जन्मतारीख?” मी तोंड उघडायच्या आत दारातून आबांचा आवाज आला. दिवस, महिना, साल. मग परत एकदा, सावकाश, एकेक आकडा सुटा करून. “खरी हाय बाई. तशीच लिवा. एक दिस मागं न्हाय, एक दिस पुढं न्हाय.” बाईंना काही कळलं नाही, त्यांनी लिहून घेतलं. आबा दारातच उभे राहिले, चपला हातात घेऊन.

मग बाईंनी पोरीला समोर बसवलं. पुस्तक दिलं. तिने वाचलं, अक्षराखाली बोट धरून, अडखळत, पण वाचलं, आणि शेवटच्या ओळीपर्यंत गेली. आकडे सांगितले. पाटीवर दोन बेरजा, एक वजाबाकी. बरोबर. मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते. बाई हसल्या आणि सहज, काही मनात न ठेवता, भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, “आता सांग बरं, किती वाजले?”

घड्याळ. ते फुग्यांच्या साइटीवर होतं, आणि तिथलं म्हणून मी त्या धड्याच्या जवळसुद्धा परत गेले नव्हते. घरात काट्यांचं घड्याळ नाही, आम्ही सगळे मोबाइलवर वेळ बघतो. वर्षभर एवढं चाळलं आणि एक साधं घड्याळ माझ्या हातून सुटलं होतं.

पोरीने भिंतीकडे बघितलं. तिचे ओठ मिटले. मला तो चेहरा पाठ होता. चार महिने मी तो रोज बघितला होता, आणि तो मीच तिला दिला होता. ती वळून माझ्याकडे बघेल असं वाटलं आणि मी, काय करणार, नजर खाली घातली.

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती बाईंना म्हणाली, “हे मला अजून शिकवलं न्हाय. तुमी शिकवा, मग सांगते.”

बाई खुर्ची ओढून वर चढल्या, भिंतीवरचं घड्याळ खाली काढलं, पदराने धूळ पुसली आणि साच्याच्या पट्ट्यांवर, तिच्या मांडीवर ठेवलं.